तीर्थपुरीच्या विहिरीतले स्फटिक आणि रिखब सर

प्राध्यापक रिखबचंद गुंदेचा यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते विहिरीवरच्या क्रेनच्या बादलीत उभे होते आणि बादली हळूहळू खाली चालली होती. अंगात पांढरा शर्ट, खांद्याला शबनम, एका हातात दोरखंड आणि दुसऱ्या हातात छोटा हातोडा. काठावर जमलेल्या लोकांकडे ते बघतही नव्हते. नजर सारखी खाली. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि एवढ्या मोठ्या माणसाला जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या मुलासारखं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी त्यांच्या संशोधनाविषयी लिहितीलच. त्यांच्याच महाविद्यालयात, त्यांच्याच खोलीत मी आज भूशास्त्र शिकवते, म्हणून मलाही त्याविषयी चार शब्द लिहिता येतील. पण सरांचं काम आणि सरांचा स्वभाव या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या दिसल्या नाहीत. दोन्ही मला त्या एकाच विहिरीवर भेटल्या. त्यामुळे ती हकिकत आधी सांगते.

ती विहीर तीर्थपुरीच्या शिवारात खणली जात होती. माझे बाबा, भीमराव खरात, विहिरी खणण्याचं काम करत. सुरुंगाची भोकं कुठं पाडायची, दगड कुठल्या अंगानं फुटेल, हे त्यांना बरोबर कळे, म्हणून आसपासच्या गावांत त्यांना मागणी असे. त्या उन्हाळ्यात एका सुरुंगानंतर विहिरीच्या भिंतीत भगदाड पडलं. बाबांनी आत बॅटरी मारली आणि तसेच उभे राहिले. काळ्या दगडाच्या आत एक माणूस उकिडवा बसेल एवढी पोकळी होती आणि ती चहूबाजूंनी स्फटिकांनी भरलेली होती. वरच्या बाजूला बारीक, पांढरे, पाण्यासारखे स्वच्छ. तळाला बोटाएवढे, जांभळे. सगळ्यांची टोकं आतल्या बाजूला वळलेली.

दोन दिवसांत तिथं गर्दी व्हायला लागली. कोणी हिरे म्हणालं, कोणी देवाचं देणं म्हणालं. बाहेरगावाहून एक गृहस्थ आले. त्यांनी सांगितलं की या स्फटिकाचं पाणी प्यायलं की रक्तदाब, साखर, फिट, सगळं जातं. सर आले ते तिसऱ्या दिवशी. त्यांच्या एका विद्यार्थ्याचं गाव जवळच होतं. त्यानं निरोप दिला आणि सर मिळेल त्या एस.टी.नं निघाले. विहिरीचे मालक गर्दीला कंटाळले होते. पाऊस तोंडावर आला होता आणि काम अडलं होतं. त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं, "उद्या सकाळी सुरुंग लावणार. तुम्हाला काय बघायचं ते आज बघून घ्या."

सर तासभर खाली होते. वर आले तेव्हा शर्ट मळला होता, कोपराला खरचटलं होतं आणि ते एका दमात बोलत होते. लोकांनी विचारलं, हिरे आहेत का. सर म्हणाले, "हिरा न्हाई. क्वार्ट्झ आहे, म्हणजे आपली गारगोटी. तीच गारगोटी, पण हिला वाढायला जागा मिळाली." मग त्यांनी एक तुकडा घेऊन बाटलीच्या काचेवर ओढला. काचेवर रेघ उठली. खिशातल्या चाकूनं तुकड्यावर ओढलं. तुकड्यावर काही उठलं नाही. म्हणाले, "काच हरली, चाकूही हरला. आता गालाला लावून बघा." पुढच्या चार जणांनी तो गालाला लावला. काचेपेक्षा गार लागतो, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. सर पुढं सांगत राहिले. आपल्या पायाखालचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी रस होऊन वाहत होता. तो थंड होताना त्यात हवेचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपलं. त्या पाण्यात दगडाचाच विरघळलेला अंश होता, तो भिंतीवर कणाकणानं बसत गेला. आधी अकीक नावाच्या दगडाचा पातळ थर, मग स्फटिक. जांभळा रंग येतो तो जराशा लोखंडामुळं आणि आजूबाजूच्या दगडातून लाखो वर्षं निघणाऱ्या किरणांमुळं. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. पण हा माणूस ज्या आनंदानं सांगत होता, तो आनंद मला हवा होता.

त्यांना अजून पोकळीचं मोजमाप घ्यायचं होतं. कुठल्या भिंतीला कुठल्या आकाराचे आणि कुठल्या रंगाचे स्फटिक, याचा नकाशा काढायचा होता. अशी अख्खी पोकळी जागेवर बघायला मिळत नाही. बहुतेक वेळा ती फुटून गेल्यावरच भूशास्त्राच्या माणसापर्यंत बातमी पोचते. त्यांनी शबनममधून वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि ते पुन्हा बादलीकडं निघाले. तेवढ्यात बाबा त्यांच्याजवळ गेले. चांगल्या मनानं, अभिमानानं म्हणाले, "सर, लई गुणाचा दगड हाये. आमच्या पोरीला फिट येती. दोन दिस झाले, याचंच पाणी पाजून राह्यलो. जालन्याच्या गोळ्या बंदच केल्या."

सर थांबले. "कधीपासून बंद केल्या?"

"परवाच्यापासून."

सरांनी वही शबनममध्ये टाकली. "तुमचं घर कुठं आहे? जल्दी चला."

ती पोरगी म्हणजे मी. मीही मागोमाग निघाले; आमचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. सर रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. ओट्यावर बसले, आईकडून दोन पेले पाणी मागितलं. एकात खडीसाखरेचा खडा टाकला, दुसऱ्यात स्फटिकाचा तुकडा. मग बाबांशी दगडांवर बोलत बसले. थोड्या वेळानं दोन्ही काढले. खडीसाखरेच्या कडा गोल झाल्या होत्या. स्फटिकाची कड बोटाला लागत होती.

"खरातभाऊ, दगडातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं," सर म्हणाले. "खडीसाखरेचं पाणी गोड झालं, कारण तिचा अंश पाण्यात उतरला. ह्या स्फटिकाचं काय उतरलं? लाखो वर्षं ओलाव्यात होता, तरी ह्याची कड अजून बोट कापती. पाण्यात काही जातच न्हाई, तर पोरीच्या पोटात काय जाणार?"

बाबांनी तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "सर, मंगाशी तुम्ही काठावर म्हणले, हा दगड पाण्यातूनच झाला. पाण्यात इरघळत न्हाई, तर मंग पाण्यातून झाला कसा?"

सर उठूनच उभे राहिले. "वीस वर्षं शिकवून राह्यलो," ते आईला म्हणाले, "एकाही पोरानं हे विचारलं न्हाई." मग त्यांनी बाबांना समजावून सांगितलं. जमिनीखालचं ते पाणी गरम होतं, वर दगडाचं ओझं होतं. तरीही त्यात उतरणारा अंश अगदी किंचित. तोच किंचित अंश इतकी वर्षं साचत गेला म्हणून बोटाएवढा स्फटिक झाला. पेल्यातल्या थंड पाण्यात दोन दिवसांत काही होत नाही. बाबा मान हलवत होते. मग हळूच म्हणाले, "पण सर, माळ घालतात लोक स्फटिकाची."

"माझी आई घालते," सर म्हणाले. "रोज तिच्यावर जप करते. त्यानं तिच्या मनाला बरं वाटतं, ते मी न्हाई म्हणत न्हाई. पण आईची बीपीची गोळी मी सकाळी स्वतः देतो. माळ माळेच्या जागी, गोळी गोळीच्या जागी."

त्याच वेळी मला फिट आली. मला अर्थातच ते आठवत नाही. आईनं पुढं अनेकदा सांगितलं तेच लिहिते. शेजारची बाई चप्पल घेऊन धावली, कोणी कांदा आणला. सरांनी सगळ्यांना मागं सारलं, मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची शबनम ठेवली आणि तोंडात काही घालू दिलं नाही. एक हात माझ्या खांद्यावर ठेवून ते मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहिले. आईला वाटलं, या माणसाला एस.टी.ची घाई आहे. सर फिट किती वेळ टिकते ते मोजत होते. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारणार होते. ती थांबली आणि थोड्या वेळानं दुसरी आली. तेव्हा सर म्हणाले, "गोळी एकदम बंद केली की असं होतं. हिला आत्ता जालन्याला नेलं पाहिजे."

बाबांनी विचारलं, "आन तुमचं काम, सर? उद्या सकाळी फोडणार हायेत."

"राहू द्या," सर म्हणाले.

दोनच शब्द. त्यांची खरी किंमत मला कळायला पुढची दहा वर्षं लागली. मी भूशास्त्र शिकले, तेव्हा कळलं की त्या दुपारी ते काय सोडून निघाले होते.

गावातल्या एका जीपमधून सर आम्हाला घेऊन निघाले, बाबा मागं राहिले. मी आईच्या मांडीवर होते. शुद्धीवर आले आणि पहिली गोष्ट बघितली ती सरांचं घड्याळ. मी विचारलं, त्यात काय लिहिलंय. डायलवर इंग्रजीत क्वार्ट्झ लिहिलेलं होतं. सर म्हणाले, "बेटा, तुझ्या विहिरीतल्या दगडाचा भाऊ आहे ह्याच्यात. हा कारखान्यात वाढवलेला. तांदळाच्या दाण्याएवढा. ह्याला दाबलं की ह्याच्यातून वीज निघते आणि वीज दिली की हा थरथरतो. सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा. घड्याळ तेवढे झटके मोजतं आणि काटा एक घर पुढं सरकवतं." मी तो आकडा पाठ करत जालन्यापर्यंत गेले. पुढं परीक्षेत मी कधीच कुठला आकडा इतक्या हौसेनं पाठ केला नाही.

सरकारी दवाखान्यात मला तीन दिवस ठेवलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी आईला सांगितलं की अजून दोन दिवस उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. त्या तीन दिवसांत आई जेवायला सरांच्या घरी, जालन्यातल्या मस्तगड भागात, जायची. सरांच्या पूर्वजांनी राजस्थानातून येऊन तिथं कापडाचं दुकान थाटलेलं. खाली दुकान, वर घर. पहिल्या दिवशी आई उंबऱ्याशीच बसली. आम्ही कोण, ते कोण, हे तिच्या मनात होतं. सरांच्या आई बाहेर आल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "उंबऱ्यावर कोण जेवतं का, बाई? आत ये. पोरगी कशी आहे ते सांग." आई त्यांच्या पाटाशेजारी बसून जेवली. ती गोष्ट आई आजही सांगते आणि प्रत्येक वेळी भाजी कुठली होती तेही सांगते.

आता विहिरीचं काय झालं ते. चौथ्या दिवशी बाबा आम्हाला घ्यायला जालन्याला आले. खांद्यावर पोतं होतं. सरांच्या माडीवरच्या ओसरीवर त्यांनी ते रिकामं केलं. चिंध्यांत बांधलेले अकरा तुकडे आणि एक दोरी.

आम्ही जालन्याला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मालकांना सांगितलं होतं, "दुपारपस्तोर मी भोकं पाडत न्हाई. दुसरा कोणी पाडत असंल तर बघा." दुसरं कोणी मिळण्यासारखं नव्हतं. बाबा एकटे पोकळीत उतरले. दोरीला दर हातावर गाठ मारून त्यांनी लांबी, रुंदी, उंची मोजली. मग छिन्नीनं प्रत्येक बाजूचे तुकडे सुटे केले. उगवतीच्या भिंतीचा तुकडा असेल तर चिंधीला एक गाठ, मावळतीचा दोन, छताचा तीन, तळाचा चार. बाबांना लिहिता येत होतं, पण खाली कागद ओला झाला असता, म्हणून गाठी. "तुम्ही वही घेऊन बादलीकडं निघाल्ते," ते सरांना म्हणाले. "काय मोजायचं व्हतं ते मला ठावं न्हाई. मला सुचलं तसं केलं."

सरांनी एक एक चिंधी सोडली. गाठी मोजल्या. तीन गाठींचे सगळे बारीक, पांढरे. चार गाठींचे सगळे जांभळे. ते खाली मांडी घालून बसले, तुकडे पोकळीत होते तसे ओसरीवर मांडले आणि दोरीनं भोवती वेढा घातला. कापड घ्यायला आलेली गिऱ्हाइकं जिन्यावर येऊन बघायला लागली. सर त्यांनाही सांगायला लागले. हे छत, हा तळ, असे वाढले असतील, असं पाणी शिरलं असेल. त्यांचे थोरले बंधू दुकानातून हाका मारत राहिले. सरांना ऐकूच येत नव्हतं. मी आजवर अनेक परिषदांमध्ये अनेक व्याख्यानं ऐकली. त्या ओसरीवरच्या व्याख्यानाची सर एकालाही आली नाही.

सरांनी त्या पोकळीवर पुढं शोधनिबंध लिहिला. तो परिषदेत वाचताना त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की मोजमाप आणि नमुने भीमराव खरात, विहीर कामगार, यांचे आहेत. छापील निबंधावरही दोन नावं आहेत. महाविद्यालयातल्या दगडांच्या कपाटात आज शेकडो नमुने आहेत आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तो ज्याला सापडला त्याचं नाव पहिलं असतं. नांगरताना सापडला तर नांगरणाऱ्याचं. रस्त्याच्या खोदकामात सापडला तर तिथं पाटी उचलणाऱ्या बाईचं. बाहेरचे संग्राहक जांभळे नमुने मागायला येतात. सर त्यांना चहा पाजतात, सगळं कपाट दाखवतात, आणि रिकाम्या हातानं परत पाठवतात.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत ते कडक आहेत, हेही इथं सांगायला हवं. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात एका शेतकऱ्याकडून एक सुंदर तुकडा आणला आणि चिठ्ठीवर गावाचं नाव टाकलं. सरांनी विचारलं, "कुठल्या शेतात सापडला? किती खोल?" मी म्हटलं, विचारलं नाही. सर म्हणाले, "मंग हा नुसता शोभेचा दगड झाला. पुढच्या बाजाराला जा आणि विचारून ये." मी एस.टी.नं पुन्हा गेले. शेतकरी त्या आठवड्यात आले नव्हते. मी तिसऱ्यांदा गेले. मला राग आला होता. पण त्या तिसऱ्या खेपेला त्या शेतकऱ्यांनी मला थेट त्यांच्या बांधावर नेलं आणि तिथं नाल्याच्या कडेला मी माझ्या आयुष्यातली पहिली पोकळी स्वतः शोधली. धावत येऊन सरांना सांगितलं, तेव्हा ते माझ्याइतकेच धापा टाकत होते, आणि ते तर जागचे हललेही नव्हते.

त्यांच्या वर्गात बसलेल्या कोणालाही दोन तास विसरता येणार नाहीत. पहिला कोनांचा. सर प्रत्येकाच्या हातात वेगळा स्फटिक देत. कोणाचा नखाएवढा, कोणाचा मुठीएवढा, कोणाचा वाकडातिकडा. पुठ्ठ्याचा कोनमापक लावून शेजारच्या दोन उभ्या बाजूंमधला कोन मोजायचा आणि फळ्यावर लिहायचा. एकशे वीस, एकशे वीस, एकशे वीस. अर्धा फळा भरला की वर्ग हसायला लागे. सर मात्र दर वर्षी प्रत्येक आकड्याला पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलवत. दुसरा तास अंधाराचा. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना भर दुपारी घोंगड्या लावून ते दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासायला लावत. दगडांच्या आत पिवळसर उजेड लुकलुके आणि जळल्यासारखा वास येई. शेतात वाढलेली आम्ही मुलं, गारगोट्या रोज पायाखाली तुडवलेल्या, आणि तो उजेड आम्ही कधी बघितला नव्हता.

मला मागच्या अठरा वर्षांत फिट आलेली नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्याही थांबल्या. मी विहिरींत उतरते, डोंगर चढते, विद्यार्थ्यांना घेऊन हिंडते. बाबा आता थकले आहेत, पण सर महिन्यातून एकदा त्यांना भेटायला येतात. दोघं ओट्यावर बसून दगडांवर वाद घालतात आणि बहुतेक वेळा बाबा जिंकतात.

शेवटी गेल्या महिन्यातली गोष्ट. सरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आराम सांगितला होता. त्यांनी परवानगी दिली त्याच दिवशी सर सकाळी महाविद्यालयात हजर. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मागोमाग रिक्षानं आल्या, कारण ते न सांगता निघाले होते. सरांनी मला कपाट उघडायला लावलं, एक जांभळा तुकडा खिडकीशी धरला, एक डोळा झाकला, मग दुसरा. बराच वेळ तसं करत राहिले. मला वाटलं, काहीतरी बिघडलं.

"संध्या," ते म्हणाले, "हा तपकिरी न्हाई गं. हा जांभळाच आहे. चांगला गडद जांभळा. चिठ्ठीवर काय आहे?"

चिठ्ठीवर 'तपकिरी झाक' लिहिलेलं होतं. सरांच्याच अक्षरात.

"मोतीबिंदूनं सगळं पिवळट दिसून राह्यलं होतं," सर म्हणाले. "कधीपासून, कोणाला माहीत. म्हणजे मी कितीतरी चिठ्ठ्या चुकीच्या लिहिल्या. पेन दे."

दुसऱ्या कोणी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ही चूक कोणाला सांगितलीही नसती. सर खुर्ची ओढून बसले. काकू म्हणाल्या, जेवून मग करा. त्यांनी ऐकलं नाही. एक एक नमुना खिडकीशी न्यायचा, उजव्या डोळ्यानं बघायचा, जुना शब्द एका रेघेनं खोडायचा, नवा लिहायचा, खाली तारीख आणि सही. प्रत्येक जांभळ्याला ते मला हाक मारत आणि मी वर्ग सोडून येत असे. चौथ्यांदा माझा वर्गच माझ्यामागून आला. संध्याकाळपर्यंत दोन खण झाले. अजून सोळा खण बाकी आहेत आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. त्यानंतर दोन्ही डोळ्यांनी सगळं कपाट पुन्हा एकदा तपासायचं, असं सरांनी आताच जाहीर केलं आहे.

त्यांचे डोळे असेच स्वच्छ राहोत, गुडघे साथ देवोत आणि हात थरथरू नयेत. त्यांना निरोगी, भरभरून आयुष्य लाभो, इतकं की ते सोळा खण तपासून होतील, नवे भरतील, आणि तेही चुकले असतील या शंकेनं पुन्हा उघडावे लागतील. पेन आणि चिठ्ठ्या मी टेबलावर काढून ठेवल्या आहेत. सर उद्या सकाळी येणार आहेत.